कर्नल सीमध्ये की रस्टमध्ये? आधी मोकळ्या पानांची यादी लिहून बघ

पत्र: मी सोलापुरात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही तिघी मिळून एक छोटा ऑपरेटिंग सिस्टिम कर्नल, म्हणजे तिचा गाभा, लिहिणार आहोत. हातात आठ महिने आहेत. माझा लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा. गाइड सर म्हणतात, सी घ्या. पुण्यात नोकरीला लागलेला सीनियर म्हणतो, आता सी कोण लिहितं, रस्ट घ्या. एक मैत्रीण सी प्लस प्लसवर अडून बसली आहे आणि दुसरीला पायथनशिवाय काही येत नाही. ज्याला विचारावं तो वेगळंच सांगायलाय. वडील यंत्रमागावर आहेत, ते विचारतात की याचा नोकरीला काही उपयोग आहे का. कोणती भाषा घेऊ, आणि घेतल्यावर कुठे अडकेन?
एक विद्यार्थिनी, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर:

सी घे. आठ महिने, तिघीजणी आणि रस्टचा अनुभव शून्य, या हिशेबात दुसरं उत्तर बसत नाही. पण तुझा सीनियर उगाच बोलत नाहीये. त्याचं कोणत्या अटीवर ऐकावं तेही पुढे सांगतो. अडकण्याच्या जागा मात्र भाषेपेक्षा जास्त आहेत, म्हणून उत्तराचा मोठा भाग त्यांनाच दिला आहे.

सोलापुरात वाढलेल्या मुलीला भाषा निवडणं काही नवीन नाही. घरात मराठी, पूर्व भागात गेलं की तेलुगू, अक्कलकोटच्या एसटीत कन्नड. समोर कोण आहे त्यावर ठरतं. कर्नलच्या समोर असतो तो नुसता प्रोसेसर. तू रोज लिहितेस त्या प्रोग्रामला मेमरी हवी असेल तर तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागतो, स्क्रीनवर छापायचं असेल तरी तिलाच सांगतो. कर्नलच्या खाली मागायला कोणीच नसतं. म्हणून कर्नलच्या भाषेकडून तीन गोष्टी लागतात: रनटाइमशिवाय (प्रोग्रामसोबत आपोआप चालणाऱ्या मदतनीस कोडशिवाय) चालणं, एखाद्या ठरावीक पत्त्यावर हवा तो आकडा नेमका लिहिता येणं, आणि स्ट्रक्चरमधला प्रत्येक बाइट कुठे बसेल हे आपल्या हातात असणं.

पायथन इथेच बाद होते. तिचा इंटरप्रिटर हा स्वतःच ऑपरेटिंग सिस्टिमच्या जिवावर चालणारा प्रोग्राम आहे. मायक्रोपायथन उघड्या मायक्रोकंट्रोलरवर चालते हे खरं, पण तिचाही गाभा सीमध्ये लिहिलेला आहे. कचरा-संकलन (न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करणं) करणाऱ्या भाषेत कर्नल होतच नाही असं मात्र नाही. एमआयटीतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये बिस्किट नावाचा कर्नल गो भाषेत लिहून दाखवला. कर्नलवर जास्त भार टाकणाऱ्या प्रोग्राममध्ये भाषेच्या सोयींपायी कर्नलला मिळालेल्या प्रोसेसरच्या वेळेपैकी १३ टक्क्यांपर्यंत वेळ गेला. पण त्याआधी त्यांना गोचा रनटाइमच उघड्या हार्डवेअरवर उभा करावा लागला, आणि ते काम तुमच्या आठ महिन्यांत मावणारं नाही. पायथनवाल्या मैत्रिणीला रिकामी बसवू नकोस. कर्नल चालू करून त्याचं आउटपुट वाचणारी, अपेक्षित ओळ दहा सेकंदांत आली नाही तर 'नापास' म्हणणारी स्क्रिप्ट तिला लिहू दे. तिसऱ्या महिन्यापासून ती स्क्रिप्ट रोज लागेल.

सी प्लस प्लसचं थोडक्यात. तिच्यात कर्नल होतात, हायकू या ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल तिच्यातलाच आहे. पण एक्सेप्शन आणि आरटीटीआय (चालू असताना ऑब्जेक्टचा प्रकार ओळखण्याची सोय) बंद करावे लागतात, ग्लोबल ऑब्जेक्टचे कन्स्ट्रक्टर सुरुवातीला स्वतः हाक मारून चालवावे लागतात, न्यू आणि डिलीट स्वतः लिहावे लागतात. फंक्शनच्या आत स्टॅटिक ऑब्जेक्ट ठेवला की लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम) कधी न ऐकलेली 'गार्ड' नावाची फंक्शन्स मागतो. एवढं कापल्यावर उरते ती थोडी नीटनेटकी सी. मैत्रिणीचा हात खरंच बसलेला असेल तर हरकत नाही. नसेल तर या प्रोजेक्टपुरता हट्ट सोडायला सांग.

आता खरा प्रश्न, सी की रस्ट. मतं गोळा करत बसण्यापेक्षा एक छोटं काम दोन्ही भाषांत करून बघ. कर्नलला सगळ्यात आधी लागते मोकळ्या पानांची यादी. मेमरीचे ४०९६ बाइटचे तुकडे पाडायचे, कोणते मोकळे आहेत ते लक्षात ठेवायचं, मागितलं की एक द्यायचं, परत आलं की यादीत घालायचं. क्यूएमू म्हणजे लॅपटॉपवर नकली मशीन चालवणारा प्रोग्राम. त्याच्या मशीनला मूळ सेटिंगमध्ये १२८ एमबी रॅम मिळते, म्हणजे ३२,७६८ पानं. यादी ठेवायला वेगळी जागा लागत नाही. पान मोकळंच आहे, तर त्याच्या पहिल्या आठ बाइटमध्येच पुढच्या मोकळ्या पानाचा पत्ता लिहायचा.

सीमध्ये हे वीस-पंचवीस ओळींत होतं. पत्ता घे, त्याला स्ट्रक्चरचा पॉइंटर समज, त्याच्या 'नेक्स्ट'मध्ये जुनं डोकं ठेव, नवं डोकं म्हणजे हे पान. कंपायलर चकार शब्द काढत नाही. तेच पान दोनदा परत केलंस तरीही काढत नाही, आणि मग यादीत गाठ पडते. काही वेळाने एकच पान दोन प्रोसेसना मिळतं आणि भलतीकडेच काहीतरी कोसळतं.

रस्टमध्ये कच्चे पॉइंटर आणि 'अनसेफ' (इथली काळजी कंपायलरची नाही, माझी) लिहून यादी तयार होते, पण ती ग्लोबल करायला गेलीस की कंपायलर दार अडवतो: कच्चा पॉइंटर एका थ्रेडमधून दुसऱ्यात सुरक्षितपणे पाठवता येत नाही. त्याचं म्हणणं रास्त आहे. मग यादी लॉकच्या (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाच्या) आत ठेवायची, 'हे पाठवायला सुरक्षित आहे, जबाबदारी माझी' असं अनसेफ लिहून द्यायचं, आणि लॉकही आपणच लिहायचा, कारण नेहमीच्या लायब्ररीतला लॉक उघड्या मशीनवर नसतो. मात्र एकदा हे जमलं की यादी लॉकच्या पोटात बसते. लॉक न घेता तिला हात लावणारा कोड कंपाइलच होत नाही. सीमध्ये लॉक घ्यायला विसरणं ही एका ओळीची चूक आहे आणि ती सापडायला आठवडा जाऊ शकतो.

हे काम साध्या लिनक्सवर, मोठ्या ॲरेला 'रॅम' समजून करता येतं. दोन्हीला मिळून दहा दिवस दे. तिघींपैकी दोघींची रस्टमधली यादी स्वतःच्या समजुतीने, नुसतं इकडून तिकडून न चिकटवता, चालू झाली तर सीनियरचं ऐका. त्या दहा दिवसांत बॉरो चेकरशी (मेमरी कोण वापरतंय ते तपासणाऱ्या रस्ट कंपायलरच्या भागाशी) भांडणंच जास्त झाली तर सी. पुढे पेज टेबल (कोणता पत्ता कोणत्या पानावर जातो याचा तक्ता), प्रोसेसची यादी, डीएमए बफर (हार्डवेअर स्वतः वाचतं-लिहितं ती मेमरी) अशा सगळीकडे हीच भांडणं पुन्हा होणार आहेत. तुमच्याबाबतीत दुसरी शक्यता जास्त दिसते, म्हणून पहिल्याच ओळीत सी म्हटलं.

सीनियरच्या बाजूनेही बोलायला हवं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं की दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या त्यांच्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या गैरवापरातून येतात. लिनक्सने डिसेंबर २०२२ मधल्या ६.१ आवृत्तीत रस्टला पहिली जागा दिली. पण तिथे कोट्यवधी ओळी आणि हजारो हात आहेत, कोणी कुठे काय गृहीत धरलं हे एका डोक्यात मावत नाही. तीन-चार हजार ओळींचा कर्नल तीन डोक्यांत मावतो. आणि एक गैरसमज काढून टाक, रस्ट डेडलॉक थांबवत नाही. कर्नलने लॉक धरलेला असताना इंटरप्ट (हार्डवेअरने मध्येच मारलेली हाक) आला आणि त्याच्या हँडलरने तोच लॉक मागितला, तर एका कोअरच्या मशीनवर दोघं जन्मभर एकमेकांची वाट बघतात, भाषा कोणतीही असो. उपाय दोन्हीकडे एकच: लॉक घेण्याआधी इंटरप्ट बंद, सोडल्यावर पूर्वीच्या स्थितीत परत. नुसतं 'चालू' करू नकोस. एकात एक दोन लॉक असतील तर आतला सुटताच इंटरप्ट चालू होतात आणि बाहेरचा उघडा पडतो.

झिग या नव्या भाषेचं नाव कोणी घेतलंच तर एवढंच, की भाषा छान आहे पण अजून बदलते आहे. आठ महिन्यांच्या प्रोजेक्टमध्ये कंपायलरची आवृत्ती बदलून बिल्ड मोडणं परवडत नाही.

असेंब्लीतून (प्रोसेसरच्या थेट सूचनांमधून) कोणत्याच भाषेत सुटका नाही, कारण स्टॅक पॉइंटर बदलणं या क्रियेला सीमध्ये शब्द नाही आणि रस्टमध्येही नाही. पण ती घाबरण्याइतकी नसते. रिस्क-फाइव्ह या प्रकारच्या प्रोसेसरवर एका प्रोसेसवरून दुसऱ्यावर जाताना १४ रजिस्टर (प्रोसेसरच्या आतले छोटे कप्पे) जपावी लागतात: परतीचा पत्ता, स्टॅक पॉइंटर, आणि एस-शून्य ते एस-अकरा. बाकीची का नाहीत? कारण अदलाबदल हे एक साधं फंक्शन आहे आणि बाकीची रजिस्टर हाक मारण्याआधीच कंपायलरने गरजेप्रमाणे जपलेली असतात. इंटरप्ट मात्र न सांगता येतो, म्हणून तिथे सगळी ३१ जपायची. तोंडी परीक्षेत हा फरक हमखास विचारला जातो.

प्रोसेसर म्हणून रिस्क-फाइव्हच घे. इंटेलच्या ६४ बिटला पोचायला १६ आणि ३२ बिटचा जुना वाडा ओलांडावा लागतो, त्यात पहिला महिना जातो. उबंटूवर तीन पॅकेज पुरतात: रिस्क-फाइव्हचा जीसीसी क्रॉस कंपायलर, ज्यात रिस्क-फाइव्ह आहे तो क्यूएमूचा संच, आणि चुका शोधायला जीडीबी-मल्टिआर्क. ४ जीबीच्या लॅपटॉपला हे जड नाही. रस्टचा एडिटर-सहायक मात्र अशा लॅपटॉपची दमछाक करतो, हाही तुझ्यापुरता सीच्या पारड्यात एक दाणा.

क्यूएमूचं 'व्हर्ट' मशीन वापर आणि बायोस मूळ सेटिंगवरच ठेव, म्हणजे ओपनएसबीआय हे कर्नलच्या आधी चालणारं फर्मवेअर आपोआप येतं. ते हेक्स ८०२००००० या पत्त्यावर कर्नल चालू करतं, तेही सुपरवायझर मोडमध्ये (कर्नलसाठीच्या अधिकार-पातळीत), त्यामुळे मशीन मोडची खटपट वाचते. एक अक्षर छापायला ए-सात रजिस्टरमध्ये १, ए-शून्यमध्ये अक्षर, आणि 'ईकॉल' ही सूचना, बस. ओपनएसबीआयची पाटी दिसून पुढे शांतता असेल तर चूक तुझ्या कोडची. पाटीच दिसली नाही तर क्यूएमूच्या कमांडची. बाहेर पडायला कंट्रोल-ए दाबून एक्स.

पहिल्या आठवड्यात हमखास येणारी चूक 'रिलोकेशन ट्रंकेटेड टु फिट'. कोड अगदी बरोबर असतो, तरी लिंकर ओरडतो. कारण असं, की जीसीसीचं मूळ कोड मॉडेल 'मेडलो' धरून चालतं की सगळे पत्ते शून्याच्या अलीकडे-पलीकडे २ जीबीच्या टप्प्यात आहेत, आणि या मशीनची रॅम नेमकी २ जीबीवर, म्हणजे हेक्स ८००००००० ला सुरू होते. कोड मॉडेल 'मेडएनी' दे, ओरडा थांबेल. दुसरी चूक जास्त लबाड. क्यूएमूच्या अलीकडच्या आवृत्त्या ईएलएफ फाइलचा (लिंकर बनवतो त्या प्रोग्राम-फाइलचा) एंट्री पॉइंट न बघता लोड पत्त्यावर उडी मारायला लावतात. लिंकर स्क्रिप्टमध्ये असेंब्लीचा सुरुवातीचा तुकडा सगळ्यात आधी ठेवला नसेल, तर जे फंक्शन योगायोगाने पहिलं बसलं ते स्टॅकशिवाय चालू होतं. काल चालणारा कर्नल आज नुसती एक नवी फाइल जोडल्यावर मरतो तो असा. आणि सीमध्ये उडी मारण्याआधी बीएसएस (सुरुवातीची किंमत न दिलेल्या ग्लोबल व्हेरिएबलची जागा) शून्य करायला विसरू नकोस. ग्लोबल व्हेरिएबल शून्यापासून सुरू होतं हे वचन आजवर दुसरं कोणीतरी पाळत होतं.

यापुढच्या अडचणी सीच्या स्वभावातल्या आहेत. कंपायलर तुझ्या कोडकडे साधा प्रोग्राम म्हणून बघतो आणि त्याला निरर्थक वाटेल ते काढून टाकतो. सिरियल पोर्टचा पत्ता हेक्स १०००००००, आणि त्याच्यापुढच्या पाचव्या बाइटमधला (शून्यापासून मोजून) पाचवा बिट सांगतो की पुढचं अक्षर पाठवायला जागा झाली. तो बिट १ होईपर्यंत फिरणारी लूप 'व्होलाटाइल' (दर वेळी खरोखर वाच, अशी कंपायलरला सूचना) न लिहिता केलीस, तर कंपायलर म्हणतो, हा बाइट लूपमध्ये कोणी बदलत नाही, एकदाच वाचू. मग पहिल्या वाचनात बिट शून्य असेल तर लूप संपतच नाही. ऑप्टिमायझेशन बंद असताना चालतं, ओ-टू ही ऑप्टिमायझेशनची पातळी लावली की हँग. असं दिसलं की आधी व्होलाटाइल तपास.

याहून गमतीशीर चूक मेमसेटची. लायब्ररी नाही म्हणून मेमसेट (मेमरीचा तुकडा एकाच आकड्याने भरणारं फंक्शन) स्वतः लिहायचं, एक साधी लूप. जीसीसीच्या कित्येक आवृत्त्या ती लूप ओळखतात: अरे, हे तर मेमसेट! आणि लूपच्या जागी मेमसेटला हाक टाकतात. फंक्शन स्वतःलाच बोलावत राहतं, स्टॅक खाली घसरत जातो, कर्नल गप्प. 'फ्रीस्टँडिंग' पर्याय लावूनही मेमसेट, मेमकॉपी, मेममूव्ह आणि मेमकम्पेअर ही चार फंक्शन्स जीसीसी गृहीत धरतं, म्हणून ती लिहावी लागतातच. त्या एका फाइलपुरता लूपचे पॅटर्न ओळखण्याचा पर्याय बंद करायचा.

ही काही नवशिक्यांचीच गोष्ट नाही. २००९ मध्ये लिनक्सच्या 'टन' या आभासी नेटवर्कच्या ड्रायव्हरमध्ये पॉइंटर आधी वापरला होता आणि तो नल (रिकामा) आहे का हे पुढच्या ओळींत तपासलं होतं. कंपायलरने तर्क केला, वापरला म्हणजे नल नसणार, आणि तपासणीच उडवली. त्यातून सामान्य वापरकर्त्याला रूटचे अधिकार मिळवता येत होते. नल-तपासण्या काढू नको असं जीसीसीला सांगणारा पर्याय त्यानंतर लिनक्सच्या मेकफाइलमध्ये आला. तुझ्या मेकफाइलमध्येही तो पहिल्या दिवसापासून असू दे. सोबत सगळ्या वॉर्निंग चालू, आणि वॉर्निंग आली तर बिल्ड थांबेल असं.

बिटफील्ड वापरून रजिस्टरचे बिट मांडू नकोस, त्यांचा क्रम कंपायलर ठरवतो. मास्क आणि शिफ्ट वापर. कर्नलचा स्टॅक एका पानाचा, ४०९६ बाइटचा असेल तर फंक्शनमध्ये तेवढीच लोकल ॲरे घेण्याचा मोह टाळ. ती शेजारच्या पानात सांडते आणि कोणी ओरडत नाही. प्रत्येक स्टॅकखाली एक पान मुद्दाम मॅप न करता सोड, म्हणजे निदान पेज फॉल्ट (मॅप नसलेल्या पानाला हात लावल्याची तक्रार) तरी येईल.

सीमध्ये रस्टची थोडी भरपाई करता येते. एमआयटीच्या एक्सव्ही-सिक्स या शिकवण्याच्या कर्नलमध्ये पान परत आलं की त्यात सगळीकडे १ भरतात, देताना ५ भरतात. सोडलेलं पान कोणी वाचलं तर कचरा ताबडतोब दिसतो. तू भरलेले आकडे पॉइंटरमध्ये दिसले की गुन्हेगार कोण ते कळलंच. पानांची यादी, फाइल सिस्टिम, स्ट्रिंगची फंक्शन्स हा हार्डवेअरशी संबंध नसलेला कोड लॅपटॉपवर साधा प्रोग्राम म्हणून ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीचा गैरवापर पकडणारी कंपायलरची सोय) लावून चालव. निम्म्या चुका तिथेच सापडतात. एक्सव्ही-सिक्स दहा हजार ओळींच्या आतला आहे, जरूर वाच. पण उचलू नकोस, परीक्षकांना तो माहीत असतो.

पेजिंग (पेज टेबलमधून पत्ते बदलून देणं) चालू करण्याआधी ट्रॅप हँडलर (इंटरप्ट किंवा चूक आली की चालणारं फंक्शन) लिही, भले त्यात तीनच आकडे छापून थांबायचं असेल: एस-कॉज, एस-ईपीसी, एस-टीव्हॅल. काय झालं, कोणत्या सूचनेवर, कोणत्या पत्त्यामुळे. एस-कॉज २ म्हणजे न ओळखलेली सूचना, १२ म्हणजे सूचना आणतानाचा पेज फॉल्ट, १३ वाचतानाचा, १५ लिहितानाचा. पेजिंग चालू करताच सगळं गप्प झालं तर बहुतेक वेळा चालू असलेला कोडच मॅप करायचा राहिलेला असतो. मग ट्रॅप हँडलरही मॅप नसतो आणि फॉल्टमधून फॉल्ट चालू राहतो. अशा वेळी क्यूएमूला इंटरप्टची नोंद छापायला सांग, १२ आकड्यांची रांगच लागलेली दिसेल.

फाइल सिस्टिमपर्यंत पोचलात तर एक परीक्षा फुकटात होते. भर लिहिताना कंट्रोल-ए, एक्स मारून क्यूएमू बंद कर, पुन्हा चालू कर आणि फाइल शाबूत आहे का बघ. उन्हाळ्यात लाइट जाणाऱ्या गावात राहून ही चाचणी सुचली नाही तर नवल. खरी लाइट गेली तर कोड जाऊ नये म्हणून रोज संध्याकाळी गिटवर पुश.

वडिलांना सांग, उपयोग आहे. एम्बेडेड, वाहनांची इलेक्ट्रॉनिक्स, लिनक्स ड्रायव्हर अशा कामांत आजही मुख्यतः सी चालते, आणि मुलाखतीत 'इंटरप्ट आल्यावर नेमकं काय होतं' याचं उत्तर स्वतः केलेल्या कामातून देता येणारे थोडेच असतात. रस्ट त्यानंतर शीक. तिचा कंपायलर कशासाठी अडवतो ते तेव्हा समजावून सांगावं लागणार नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत स्क्रीनवर एक ओळ यायला हवी आणि टायमरची टिकटिक सुरू व्हायला हवी. या मशीनचं घड्याळ सेकंदाला एक कोटी वेळा टिकटिकतं, म्हणून दर १० मिलिसेकंदांच्या इंटरप्टसाठी पुढची वेळ एक लाखाने वाढवायची. तीन आठवडे झाले तरी टायमर टिकटिकत नसेल तर भाषा बदलू नका. लिंकर स्क्रिप्ट, सुरुवातीची असेंब्ली, मेकफाइल आणि एस-कॉजचा आकडा आम्हाला पाठव.